खकाणा उठला तो उन्हाळा

माय माझे डोळे कधी पुसायची नाही. पोर रडायला लागलं की कुठलीही आई हात पुढे करते, माझी माय हात मागे घ्यायची. दिवसभर मिरचीचे देठ खुडलेले हात. साबणानं धुवा, राखेनं घासा, तेल चोळा, त्यातली आग उतरायची नाही. बोट चुकून डोळ्याला लागलं की पोराचं रडणं दुप्पट. म्हणून ती मला कोपरानं कुरवाळायची. हात वळवून, कोपर माझ्या गालाला लावून. लहानपणी मायेचा स्पर्श म्हणजे मला कोपरच माहीत होतं, आणि सगळ्यांच्या आया तसंच करतात असं मी समजून होते.

आम्ही भिवापूरचे. शेतातून आलेली मिरची जिथे ओततात आणि बाया ओळीनं बसून तिचे देठ खुडतात, त्या जागेला आमच्याकडे सातरा म्हणतात. वर टिन, खाली पोती, मधे लाल डोंगर. हिवाळ्यात तो डोंगर उभा राहायचा आणि मे संपेस्तोवर हलायचा नाही. माय त्याच्या पायथ्याशी बसायची, नाकातोंडाला पदर बांधून. बाबा त्याच सातऱ्यात पोती उचलायचे. हंगाम होता तोवर घरात भाजी शिजायची. पावसाळा लागला की सातरा बंद, आणि मग भात व त्याच्यावर मिरचीचंच पाणी. मिरचीनं आम्हाला जगवलं, असं भाषणात म्हणायला बरं वाटतं. मला मात्र त्या डोंगराचं भेव वाटायचं. तो एक दिवस घसरेल आणि मायवर येईल, असं मला रोज वाटायचं. शाळा सुटली की मी पळत जाऊन आधी पाहायची, डोंगरापुढे मायचे डोळे दिसतात की नाही.

डोंगर घसरला नाही. त्यानं वेगळ्या रीतीनं घेतलं. मायचा आवाज गेला.

एकदम नाही गेला. आधी गाणी गेली. लग्नघरी हळदीची गाणी म्हणायला बाया तिला हमखास बोलवायच्या, ते बोलावणं येईनासं झालं. मग हाक गेली. शेवटी उरली ती कुजबूज, वाळल्या पानावरून पाल सरकावी तशी. मला घरी बोलवायचं झालं की ती टिनाच्या दारावर पळी ठोकायची. ठण, ठण-ठण. गल्लीतल्या सगळ्या आया हाका मारायच्या, माझी एकटीच ठोकायची. पोरं चिडवायची, "शीतले, जाय वं, तुह्या घरची गाडी सुटली." मी जायची. आणि जाताना एक गोष्ट मनात पक्की बसत गेली, की आज ना उद्या माझाही आवाज असाच जाणार आहे. सुट्टीच्या दिवशी मीही त्याच पोत्यावर बसायची, तोच खकाणा माझ्याही घशात जायचा. मिरचीची ती जळजळीत धूळ, तो वास, तिला आम्ही खकाणा म्हणतो. बाहेरचा माणूस सातऱ्याच्या दारात आला की खोकून खोकून वाकायचा. आम्ही आतले, आम्हाला काही वाटायचं नाही. आम्ही त्याला हसायचो.

यंदाही मे आला. मी आता नागपुरात मानेवाड्याला राहते, एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. शेजारच्या काकूंनी वर्षाची मिरची गच्चीवर वाळत घातली होती, ती परवा कढईत भाजायला घेतली. खिडकीतून धूर आला. मी वह्या तपासत होते, आणि खोकले.

मी खोकले. मिरचीनं. आयुष्यात पहिल्यांदा.

पेन खाली पडला. हात आपोआप गळ्यावर गेला. आधी भीतीच आली, जुनी, ओळखीची, चपला न वाजवता येणारी. खोलीत मी एकटीच होते तरी मोठ्यानं म्हणाले, "आहे." ही माझी कित्येक वर्षांची सवय आहे. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, मी तेवढा एक शब्द बोलून बघते. आवाज आहे ना? आहे. मग दिवस सुरू होतो. परवा भरदुपारी बोलून बघावा लागला. आवाज होता. आणि मग तो सगळा उन्हाळा वर आला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा, 'खकाणा'चा.

'खकाणा' हे आमच्या पहिल्या अल्बमचं नाव. आम्ही म्हणजे 'काळं मीठ' नावाचा बँड. हे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं तेव्हा एक बाई म्हणाल्या, "बँड? लग्नातला?" मी म्हटलं, नाही, मयतीतला. 

तसं ते खोटं नव्हतं. गॉथिक आणि इंडस्ट्रियल रॉक, असं आमच्या संगीताला म्हणतात, मरणाची, भीतीची गाणी आणि त्यांना लोखंडाचा खडखडाट. कॉलेजात येईपर्यंत मला यातला एकही शब्द माहीत नव्हता. मला माझ्या आवाजाची लाज माहीत होती. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला सांगून ठेवलं होतं, तू नुसते ओठ हलव. जाड, खरखरीत, जमिनीलगत चालणारा आवाज. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आभार मानायला कोणी मिळेना म्हणून मला उभं केलं. "सन्माननीय प्राचार्य," एवढंच म्हटलं आणि मागून कोणी तरी ओरडलं, "अबे, भूत आलं बे!" सगळा मंडप हसला. मी आभार पूर्ण मानले. मी आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिली. अर्धवट सोडून खाली उतरायला मी तिथे गेले नव्हते.

सायकल स्टँडवर दोन मुलं वाट बघत होती. एक अनिकेत, धरमपेठेतला, गोरा, बारीक, सदा घाबरल्यासारखा बोलणारा. तो गिटार वाजवायचा आणि संगणकावर आवाज जोडायचा. दुसरा शाहिद, त्याच्या अब्बूंचं वेल्डिंगचं दुकान. तो ड्रम वाजवायचा, आणि ड्रम नसला तर जे सापडेल ते.

"ताई, गुस्सा नको करू," शाहिद म्हणाला, "पण तुहा आवाज एकदम कबरीतून आल्यासारखा आहे."

"मी भिवापूरहून आली. कबर तुह्या घरी असन."

तो एवढा हसला की स्टँडवरच्या सायकली पडल्या. अनिकेत मात्र हसला नाही. "अगं, आम्हाला हाच आवाज पाहिजे," तो म्हणाला. "आम्ही वर्षभर शोधतोय."

माझा आवाज कोणाला तरी पाहिजे होता, हे ऐकून मला आनंद झाला असं आता लिहावंसं वाटतं. पण खरं सांगायचं तर मी घाबरले. ज्या वस्तूची आपल्याला लाज वाटते ती कोणी मागायला आलं, की आधी संशय येतो.

अनिकेतच्या घरच्या गॅरेजात त्यांनी मला हेडफोन दिला. आधी काहीच नाही, नुसती घरघर, बंद गिरणीत वारा फिरावा तशी. मग लोखंडावर लोखंड. ठण. थांबून, ठण-ठण. मी हेडफोन काढून बाकावर फेकला. अनिकेतला वाटलं, आवडलं नाही. मला कसं सांगता येणार, की मला आमचं टिनाचं दार ऐकू आलं, आणि मी धरमपेठेतल्या त्या गॅरेजात बसून घरी जायला उठले होते? मी तो पुन्हा कानाला लावला.

भीती घालवायची असते, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. रामाचं नाव घ्या, दिवा लावा, मागे वळून बघू नका. या संगीतात तसं नव्हतं. इथे भीतीला पाट मांडून बसवायचे. ये, बस, पाणी घे, किती दिवसांची आहेस? मला हे पटलं. माझी भीती लहानपणापासून दारातच उभी होती, तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

गाण्यांचे शब्द मी लिहू लागले. सातऱ्यामागच्या विहिरीचं गाणं. पोत्यांच्या थप्प्यांमधून कोणी तरी आपलं नाव घेतं त्याचं. शाहिदनं दुकानातून लोखंडी पत्रे आणले, साखळ्या आणल्या, एक जुना गेट आणला. गॅरेजच्या भिंती काळ्या रंगवल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सगळीकडून गाद्या लावल्या. कूलरची घरघर माइकमध्ये येते म्हणून कूलर बंद. नागपूरचा मे महिना, नवतपा, उन्हाचे ते सगळ्यात कडक नऊ दिवस, तोंडावर आलेला, बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं, आणि आत आम्ही तिघं काळे कपडे घालून गाद्यांच्या पेटीत. हॉस्टेलच्या दारात मुली विचारायच्या, "काहून वं शीतल, कोणाच्या मयतीले चालली?" शाहिद डोळ्यांत काजळ घालायचा, ते घामानं गालावर उतरायचं. काकडीवर काळं मीठ भुरभुरून खायचा आणि म्हणायचा, "गॉथिक लोग थंडे देश के रहते बे. आपुन इकडे भाजून राहिलो." त्याच मिठावरून बँडला नाव पडलं.

परीक्षा संपली होती. निकाल जूनमध्ये लागणार होता. सात गाणी झाली, एक राहिलं, शेवटचं, 'खकाणा'. त्यात एक ओळ होती, ती खालून वर चढत जायची आणि वर जाऊन ओरडायची. मायचं जे ओरडणं घशात अडकून राहिलं ते मी ओरडणार, असा माझा विचार. मोठा विचार होता. मी श्वास घेतला, चढले, आणि वर पोचल्यावर तोंड उघडं राहिलं.

नुसती हवा आली.

अनिकेतनं कानावरचा हेडफोन दाबून धरला. त्याला वाटलं तार निघाली. मी पुन्हा प्रयत्न केला. हवा. मग थोडी कुजबूज आली, आणि ती मी ओळखली. ती माझी नव्हती. ती मी लहानपणापासून ऐकत आले होते.

घशाच्या डॉक्टर बाईंनी नळी घालून बघितलं. स्वरतंतू सुजले आहेत, म्हणाल्या, आधीचीही खराबी दिसते. "धुळीत काम केलंय का?" मी मान हलवली. "आता एक शब्द बोलायचा नाही. दोन-तीन आठवडे. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्यानं जास्त ताण येतो. सूज उतरली तर उतरली. नाही उतरली तर मग बघू." ते 'मग बघू' घेऊन मी भिवापूरच्या एसटीत बसले. कंडक्टरला बोटानं तिकीट मागितलं. त्यानं मला मुकी समजून खिडकीची जागा दिली, आणि मला रडू आलं ते त्या जागेमुळे.

आता आमच्या घराची कल्पना करा. एका खोलीत एक बाई जी फक्त कुजबुजते, आणि तिची लेक जी तेवढंही करत नाही. माझ्या बोलण्याच्या जागी मी कागद द्यावा तर मायला वाचता येत नाही. मी गळ्यावर बोट ठेवलं, मान हलवली.  मग तिनं कोपर माझ्या गळ्याला लावलं आणि तसंच ठेवलं. तिला कळलं होतं. तिच्याइतकं ते कोणाला कळणार?

बाबा संध्याकाळी आले, दारातच थांबले. "घरात कोणी आहे की नाही गा?" आम्ही दोघी चुलीशी बसलेल्या. "माणसं आहेत, पण घर मुकं हून बसलं," ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले. मग त्यांचंही हसणं थांबलं. तेव्हा मला समजलं की बाबाही भेतात.

त्या दिवसांतली शांतता मी विसरलेली नाही. बोलायचं नाही म्हटलं की माणसाला घरातली प्रत्येक वस्तू ऐकू येते. भाताचं झाकण. भिंतीतली पाल. टिन दुपारी तापून करकरतं आणि उन्हं उतरली की उलटं करकरतं. मी पडून असायची आणि आत, घशात, कोणी बोलतंय का ते ऐकायची. एकदा वाटलं, बोलून बघावं, एकच शब्द. बघण्याचीच भीती वाटली. आवाज नसलाच तर? न बघितलं तोवर तो असू शकत होता.

शनिवारी मायनं माझी नजर काढायची ठरवली. मीठ आणि सात लाल मिरच्या मुठीत धरून तिनं माझ्यावरून उतरवल्या, डोक्यापासून पायापर्यंत, आणि तिची ती कुजबूज चालू. मग मूठ चुलीत टाकली. तुम्हाला माहीत असेल, नजर लागलेली नसली, किंवा उतरली असली, की मिरची जळताना खकाणा उठतो, घरचे सगळे खोकतात. आणि नजर जबर असली की मिरच्या मुकाट जळतात, ठसका लागत नाही. मिरच्या जळल्या. धूर झाला. माय माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे, बाबा आम्हा दोघींकडे.

कोणी खोकलं नाही.

मायचा चेहरा पांढरा पडला. तिनं अजून मिरच्या टाकल्या. काही नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा. काही नाही. आणि मी, बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलेली, समोर बसून बघत होते. मला ठाऊक होतं की आम्ही तिघंही सातऱ्याची माणसं, आमची नाकं कधीच मेलेली. आमच्या घरात पोतंभर मिरची जाळली तरी कोणी खोकणार नाही. आमच्या घरात नजर काढली तर ती कधी उतरलेली दिसणारच नाही. एवढी साधी गोष्ट. पण सांगायची कशानं? आणि खरं तर, ठाऊक असूनही माझ्या पाठीवर काटा उभा राहिला. मिरच्या काळ्या होत होत्या आणि घर गप्प होतं. तर्कशास्त्र त्या घरात माझ्यासारखंच मुकं बसलं होतं.

मायनं माझी पिशवी उपसली. काळे कपडे निघाले. तिनं ते हुंगले, घडी घातली, आणि ठरवलं. "नजर इथची नोय," ती म्हणाली. "नागपूरची आहे. जिथं लागली तिथंच उतरवा लागते."

डॉक्टरांकडे पुन्हा जायचंच होतं. त्याच्या आदल्या दिवशी मी तिला घेऊन धरमपेठेत गेले. तिच्या हातात फडक्यात बांधलेली भिवापुरी मिरची.  या बाईला मी आता काळ्या भिंती दाखवणार, साखळ्या दाखवणार, काजळवाला शाहिद दाखवणार. ती म्हणेल, पोरी, याच्यासाठी तुले शिकवलं? आणि मला उत्तरही देता येणार नाही.

ती आत आली. चहूकडे बघितलं. मग शाहिदपाशी जाऊन थांबली.

"काहून रे, डोळ्यात काजळ काहून घातलं?"

शाहिद उभा राहिला. "असंच, काकू."

"असंच नाही. नजर लागू नये म्हणून घालतेत. चांगलं केलं." मग अनिकेतकडे वळून म्हणाली, "तू बी घालत जाजो. तू गोरा आहे."

अनिकेतनं मान डोलावली. तो त्या वेळी माइक तपासत होता, माइक चालूच राहिला. ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मायनं लोखंडी घमेल्यात निखारे मागितले. अनिकेतच्या आईनं सिगडी पेटवून आणून दिली आणि त्या दारात उभ्या राहिल्या. मायनं मला मधोमध उभं केलं. मूठ फिरायला लागली. आणि त्या गाद्यांच्या पेटीत, जिथे बाहेरचा एक आवाज येत नव्हता, मायची कुजबूज पहिल्यांदा पूर्ण ऐकू आली.

"रस्त्याची असन, पाणवठ्याची असन, सातऱ्याची असन. हासून पाहणारीची असन, न पाहता जळणारीची असन. निघ. माह्या लेकीच्या गळ्यातून निघ. माह्या गळ्यात बसली, तिथं बस. तिले सोड."

शाहिद नंतर म्हणाला, त्याच्या हातावरचे केस उभे राहिले. आम्ही वर्षभर त्या खोलीत लोकांना भिववायचा आवाज शोधत होतो, पत्रे ठोकत होतो, साखळ्या ओढत होतो. माय मीठ-मिरची घेऊन आली आणि आमच्या सगळ्या लोखंडाला तिनं गप्प केलं.

मूठ निखाऱ्यावर पडली.

आधी शाहिद. मग अनिकेत. मग दारातल्या अनिकेतच्या आई. बंद खोली, गाद्या, वाऱ्याला वाट नाही. शाहिद ड्रमवर पडला, ड्रम पत्र्यावर, पत्रा साखळीवर. वरच्या मजल्यावरचे आजोबा खोकायला लागले, फाटकावरचा चौकीदार खोकायला लागला. "अम्मी! मर गया बे!" शाहिद ओरडत होता. आणि माय त्या धुरात उभी राहून हसत होती. आवाज नसलेलं हसणं, नुसते खांदे हलत होते. "खोकलले! शीतले, पाह्य, खोकलले! उतरली वं!"

फक्त आम्ही दोघी मायलेकी कोरड्या उभ्या होतो, भर खकाण्यात. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते मिरचीचं नव्हतं, हे आम्हा दोघींनाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंनी नळी काढली आणि म्हणाल्या, "बोला." मी बोलेना. इतके दिवस न बोलता सांभाळून ठेवलेली ती शक्यता मला मोडायची नव्हती. "बोला," त्या पुन्हा म्हणाल्या. दाराशी माय उभी. 

"आहे," मी म्हणाले.

जाड, खरखरीत, जमिनीलगत चालणारा. शाळेत ज्याला ओठांच्या आत ठेवायला सांगितलं होतं, तोच. माय खाली बसली, दवाखान्याच्या फरशीवर.

विश्रांतीनं सूज उतरली की मिरचीनं नजर उतरली, यावर मी कधी वाद घातलेला नाही. मी शिकलेली आहे, मला उत्तर माहीत आहे. पण ज्या बाईनं माझ्या घशातलं मागून स्वतःच्या घशात घ्यायची तयारी दाखवली, तिला मी कुठल्या तोंडानं सांगू की ती सूज होती?

शेवटच्या गाण्यातली ती ओरडण्याची ओळ आम्ही काढून टाकली. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. त्या जागी काय ठेवायचं ते अनिकेतच्या संगणकात आधीच येऊन बसलं होतं. पण मायला विचारल्याशिवाय नाही, असं मी म्हटलं. तिच्या कानाला हेडफोन लावला. तिनं ऐकलं, आणि दचकून इकडेतिकडे बघितलं.

"हे कोण बोलून राहिलं?"

"तूच, माय."

ती बराच वेळ ऐकत राहिली. कित्येक वर्षांत तिनं स्वतःचा आवाज असा ऐकला नव्हता. मग तिनं हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"मले माह्याच आवाजाचं भेव वाटलं," ती म्हणाली. "लोकं भेतीन न वं."

"भेतीलच. म्हणूनच पाहिजे."

तिनं विचार केला. मिरचीचे हात मांडीवर उताणे ठेवून ती विचार करते. मग म्हणाली, "मंग मोठ्यानं लावजो."

आम्ही मोठ्यानं लावलं. आठवं गाणं सुरू होतं तेच मुळी तिच्या कुजबुजीनं, मग सगळ्यांचं खोकणं, पत्रे पडल्याचा आवाज, शाहिदची "अम्मी", आणि त्याच गोंधळातून ड्रम उठतो. ठण, ठण-ठण. ऐकणारे लिहितात की हा खोकला अंगावर येतो, कुठल्या यंत्रावर केला? आम्ही सांगत नाही.

परवा मी खोकले ते मायला सांगितलं. ती आता माझ्याकडेच राहते, सातरा सुटला. ती आतल्या खोलीत पलंगावर बसून शेंगा सोलत होती, धूर तिच्याही नाकात गेला असणार, तिला काहीच नाही. "तू खोकलली?" तिनं विचारलं. "खरंच?" मी म्हटलं, हो, आणि मला भीती वाटली. ती उठली, आणि कोपर नाही, हात, पूर्ण उघडा हात, माझ्या गळ्याला लावला. आता तो भाजत नाही. "नाक जितं झालं तुहं," ती म्हणाली. "भेऊ नोको."

भीती गेली असं मी म्हणणार नाही. उद्या सकाळीही मी तो एक शब्द बोलून बघणार आहे. पण झालेलं सांगते. त्या वर्षी जूनमध्ये मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. त्याच महिन्यात 'खकाणा' आला. त्याच्या काही सीडी अनिकेतनं काढल्या होत्या, त्यातली एक मायनं देव्हाऱ्यात ठेवली आहे आणि दर शनिवारी ती त्या सीडीचीही नजर काढते. मागच्या बाजूला नावं छापली आहेत. गिटार, अनिकेत. ड्रम, शाहिद. आणि त्याखाली, आवाज: शीतल आणि अंजना. अंजना माझ्या मायचं नाव.